बिनस्टेपनीची गाडी

शोरूममधल्या मुलीनं डिकीतला गालिचा उचलून दाखवला. खाली सपाट पत्रा होता.

"स्टेपनी कुठंय?" जागृतीनं विचारलं.

मुलगी हसली. "मॅडम, आता कुठल्याच नव्या गाडीत नसते. 'अखंड' टायर आहेत ना."

"जॅक? पाना?"

"ते कशाला लागणार?"

जागृतीनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. हर्षल देवरे गालातल्या गालात हसत होता. 'अखंड' टायर बनवणाऱ्या कंपनीत तो रसायनशास्त्रज्ञ होता आणि त्या रबरात जे काही नवं होतं, ते बरंचसं त्याच्याच डोक्यातून निघालेलं होतं. त्याच्या बाजूला त्याची आई मंगलाबाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. नवरा गेल्यावर सटाण्यात कृषी सेवा केंद्र एकटीनं चालवलेली बाई. खतवाल्या कंपन्यांचे साहेबसुद्धा त्यांच्यासमोर आवाज चढवत नसत.

"मला स्टेपनी असलेली गाडी हवी," जागृती म्हणाली.

"मग घे एखादी जुनीपुराणी," मंगलाबाई म्हणाल्या. "अगं, माझ्या पोरानं टायर काढला, अर्धा देश त्याच्यावर फिरतोय आणि त्याच्याच घरात तो चालत नाही? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"आई, पंक्चर झालं तर मला खाली उतरून काहीतरी करता यायला हवं. हातात काहीतरी असावं, एवढंच."

"पंक्चर होणारच नाही," हर्षल म्हणाला.

आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यानं तिला हे पूर्वी अनेकदा समजावलं होतं. साध्या रबरात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात आणि गंधकाच्या गाठी मारून त्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. गाठ तुटली की तुटली. हर्षलच्या रबरात गाठींऐवजी फुगडीसारखे धरलेले हात होते. ठरावीक उष्णता मिळाली की ते हात सुटत, गार होताच पुन्हा धरले जात. रबरात लोखंडाची अतिशय बारीक पूड मिसळलेली होती आणि चाकावरच्या कमानीत एक छोटी कॉइल बसवलेली होती. खिळा घुसला की गाडीला ते लगेच कळे. कॉइलमधून तेवढ्याच जागी चुंबकीय लहरी सोडल्या जात, लोखंडाची पूड तापे, रबर मऊ होऊन भोकावर सरके आणि पुन्हा घट्ट होई. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी पातेलं तापवते, तसंच. गाडी थांबवायचीही गरज नाही.

'अखंड' आल्यापासून महामार्गांवर टायर फुटून होणारे अपघात जवळजवळ संपले होते. जागृती फिजिओथेरपिस्ट होती. नाशिकमधल्या तिच्या क्लिनिकमध्ये पूर्वी अशा अपघातांतून वाचलेली माणसं यायची, मोडलेले मणके आणि लुळे पाय घेऊन. आता ती येत नव्हती. हे तिलाही दिसत होतं.

म्हणून तिनं हट्ट सोडला. गाडी घरी आली. मंगलाबाईंनी तिच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली.

---

नवापूरला मंगलाबाईंच्या भाचीचा साखरपुडा होता. हर्षलला पुण्यात काम होतं, म्हणून सासूसुनाच निघाल्या. मंगलाबाईंनी ठेवणीतल्या पाटल्या घातल्या होत्या. वाटेत त्या भाचीच्या होणाऱ्या सासरच्यांच्या तक्रारी सांगत होत्या. जागृती हं, हं करत गाडी चालवत होती.

करवंदबारीच्या घाटात दुपारचं ऊन नुसतं आग ओकत होतं. वळणावर चकचकीत केशरी जाकीट घातलेला एक तरुण लाल झेंडा दाखवत उभा होता. शेजारी पिकअप गाडी, दोन मजूर, फावडी, रस्त्यावर ताज्या खडीचा पट्टा. त्यानं हात हलवत गाडी पुढं बोलावली आणि डावं चाक बरोबर त्या खडीवर आलं तेव्हा थांबवलं.

"दोन मिनिटं, ताई. पुढं मशीन वळतंय."

"उन्हातान्हात राबतात बिचारे," मंगलाबाई म्हणाल्या आणि काच खाली करून त्याला पाण्याची बाटली दिली. त्यानं ती घेतली, थोडं पाणी प्यायला.

पिकअपमधून कसली तरी जाड घरघर येत होती. गाडीच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : डावा पुढचा टायर, दुरुस्ती सुरू.

"बघ," मंगलाबाई समाधानानं म्हणाल्या. "खिळा लागला वाटतं. आपल्याला कळलं तरी का?"

जळक्या रबराचा वास आला. जागृतीनं नाक मुरडलं, खाली वाकून पाहायला दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात झेंडेवाल्यानं पुढं जायची खूण केली. गाडी जेमतेम तिच्या लांबीइतकी सरकली आणि डाव्या अंगाला बसली. चाकाची लोखंडी धार डांबरावर खरवडली गेली. टायर मागं रस्त्यावर राहिला होता, उतू गेलेल्या काकवीसारखा पसरून.

पडद्यावर आता लाल अक्षरं होती : सुरक्षेसाठी वाहन थांबवले आहे. आणि अडकलेल्या माणसांना बाहेर पडता यावं म्हणून गाडीनं स्वतःच चारही दारांची कुलपं उघडली.

डावं दार बाहेरून ओढलं गेलं. थोराड, मानेवर घामोळं आलेला एक माणूस आत वाकला. उजव्या मनगटात जाड लोखंडी कडं, हातात कोयता. त्यानं मंगलाबाईंना पदराला धरून बाहेर ओढलं. त्या गुडघ्यांवर पडल्या.

"पाटल्या काढ, म्हातारे."

"म्हातारी तुझी आई!" मंगलाबाई ओरडल्या आणि त्याच्या हाताला कडकडून चावल्या.

जागृती दार लोटून मागं धावली. तिनं डिकी उघडली. लोखंडाचा काहीतरी तुकडा तिला हवा होता, काहीही. तिथं साखरपुड्याची साडी, पेढ्यांचे पुडे आणि गालिचा होता. तिनं गालिचा उपसला. खाली सपाट पत्रा.

मागून झेंडेवाल्यानं तिचे केस धरले. तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. मनगटातली आठ हाडं ती रोज बोटांनी चाचपत असे, कुठं दाबलं की वेदना थांबते आणि कुठं दाबलं की ती सुरू होते हे तिच्या बोटांना माहीत होतं. तिनं अंगठा दाबून मनगट उलटं पिरगाळलं. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. पोरगा किंचाळत खाली बसला.

तेवढ्यात तिला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. तो ओरडण्याचा नव्हता. विहिरीत कळशी बुडताना येतो तसा होता. पाटल्या निघत नव्हत्या म्हणून त्या माणसानं मनगटावर कोयता उगारला होता आणि मंगलाबाईंनी हात ओढून घेताना तो त्यांच्या मानेच्या मुळाशी बसला होता.

जागृतीला पुढचं सगळं आठवत होतं. पुढं पोलिसांनी, वकिलांनी, वार्ताहरांनी विचारलं, की अशा वेळी डोकं बधिर होतं ना? तिचं झालं नव्हतं. ती त्या माणसाच्या अंगावर गेली. त्यानं कोयता फिरवला, तो तिच्या दंडाला चाटून गेला. दोघं खडीच्या पट्ट्यावर कोसळली. खडी बाजूला सरकली आणि तिच्या गालापासून वीतभर अंतरावर काळी, सपाट, तांब्याच्या वेटोळ्यांची चकती दिसली. पिकअपमधून आलेली जाड केबल तिला जोडलेली होती. घरघर अजून चालूच होती.

हर्षलची बायको होती ती. काय आहे हे तिला क्षणात कळलं.

कोयतेवाल्याच्या उजव्या हातावर तिनं अख्खं शरीर टाकलं आणि ते कड्याचं मनगट चकतीवर दाबलं.

आधी तो फक्त शिव्या देत होता. मग थांबला, जणू काहीतरी ऐकतोय. मग ओरडायला लागला. कडं काळ्याचं जांभळं आणि जांभळ्याचं लालसर झालं. त्याच्या बोटांतून कोयता गळून पडला. तो पडलेला जागृतीनं पाहिला. त्यानं डाव्या हातानं तिच्या पाठीत गुद्दे घातले, मग ते गुद्देही थांबले आणि तो नुसता "ताई, ताई" म्हणत राहिला. तिनं हात सोडला नाही. मांस जळल्याचा वास आला, तरी सोडला नाही.

तिसरा माणूस पिकअपमधून पहार घेऊन धावत आला. तेव्हा कुठं ती उठली, कोयता उचलला आणि त्याला जवळ येऊ दिलं. पहार तिच्या खांद्यावर बसली. कोयता त्याच्या मांडीत शिरला, आतल्या बाजूनं, जिथं मोठी रक्तवाहिनी असते. तो रस्त्याच्या कडेला जाऊन दगडावर बसला आणि आश्चर्यानं आपल्या पायाकडे पाहू लागला. झेंडेवाला पोरगा तोवर दरीच्या बाजूनं उतरून पळाला होता.

घाटात मोबाईलला रेंज नव्हती. आपली गाडी जागची हलणार नव्हती. जागृतीनं केबल उपसून फेकली, सासूबाईंना काखेत धरून ओढत पिकअपमध्ये घातलं, साखरपुड्याची साडी त्यांच्या मानेवर दाबून बांधली. किल्ली आतच होती.

"ताई, मला पण न्या," जळक्या हाताचा माणूस रस्त्यावरून म्हणाला.

तिनं गिअर टाकला.

उतारावर मंगलाबाईंनी डोळे उघडले. "जागृती."

"आई, बोलू नका."

"गाडी लॉक केलीस का?"

"केली, आई."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. खालच्या गावातल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी दोघींना दोन खाटांवर घेतलं आणि थोड्याच वेळात एका खाटेभोवती पडदा ओढला. आपल्या अंगठीखालचं बोट भाजून सोललं आहे, हे जागृतीला नर्सनं सांगितलं तेव्हा कळलं. त्या चकतीनं तिची अंगठीसुद्धा तापवली होती.

---

हर्षल आधी आईपाशी गेला, मग घाटात. तपास करणारे इन्स्पेक्टर निकुंभ त्याला घेऊन गेले. मांडीवर वार झालेला माणूस तिथंच मेला होता. कड्याच्या माणसाला पोलिसांनी उचललं होतं, त्याचा हात कोपरापासून कापावा लागणार होता.

टायरचा लगदा हर्षलनं बोटानं उचलला, चुरून पाहिला. मग ती चकती पाहिली. महामार्गावर विजेच्या गाड्या धावता धावता चार्ज व्हाव्यात म्हणून एका मार्गिकेखाली अशा चकत्या पुरलेल्या असतात. तांब्यासाठी त्या चोरीला जात होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. चोरलेली चकती जुन्या बॅटऱ्यांना जोडून चाकाखाली ठेवली तर काय होईल, हे मात्र टायर बनवणाऱ्यांच्याही मनात आलं नव्हतं. ते कुणा भंगारवाल्याच्या किंवा चोराच्या मनात आलं होतं. हर्षलच्या छोट्या कॉइलनं भोकाएवढ्या जागेतले हात सुटत. या चकतीनं अख्ख्या टायरमधले एकदम सुटले.

रस्त्याच्या कडेला बसून तो बोटांवरचा लगदा मातीत पुसत राहिला. निकुंभांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"साहेब," निकुंभ म्हणाले, "हे किती गाड्यांना होऊ शकतं?"

"सगळ्या," हर्षल म्हणाला.

---

आईचं तेरावं झालं त्या संध्याकाळी हर्षल जागृतीला म्हणाला, "कंपनीची बैठक झाली. पोलिसांचे वरचे अधिकारीही होते. रबरात एक द्रव्य मिसळायचं, म्हणजे ठरावीक तापमानापुढं पूड तापायचीच बंद होईल. माझ्या डोक्यात ते स्पष्ट आहे. पण टायर बदलून द्यायला सहासात महिने लागतील. तोवर हे कसं केलं ते बाहेर फुटू द्यायचं नाही असं ठरलंय."

"म्हणजे तोवर लोकांनी घाटात जायचं? काही माहीत नसताना?"

"जागृती, ऐक. ही टोळी एक आहे. चकत्या मात्र रस्त्यारस्त्यांत पुरलेल्या आहेत. उद्या हे टीव्हीवर आलं की गल्लीगल्लीतला टवाळ हे करेल. आज एक टोळी आहे, उद्या शंभर होतील. जास्त माणसं मरतील, एवढा साधा हिशेब आहे."

"त्या हिशेबात आई कुठं बसतात?"

"ती माझी आई होती!" तो ओरडला. "तुला काय वाटतं, मला झोप लागते?"

 त्याचं म्हणणं जागृतीला पटत होतं, हेच तिला सहन होत नव्हतं. ती कुणाला काही सांगायला गेली नाही. मंगलाबाईंची खोली तशीच होती. रोज सकाळी ती तिथला पंखा लावायची आणि पुन्हा बंद करायची.

मग एका दुपारी निकुंभांचा फोन आला. "मॅडम, खरं तर हे मी तुम्हाला सांगू नये. सुरगाण्याकडच्या रस्त्यावर काल एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. तीच खडी, तोच झेंडा. पळालेला पोरगा नवी माणसं घेऊन परत उभा राहिलाय. हात प्लॅस्टरमध्ये होता म्हणे."

"वाचले?"

"दोघांचा पंचनामा मीच केला," निकुंभ म्हणाले.

हर्षल घरी आला तेव्हा ती फोन हातात घेऊन बसली होती. "मी सांगणार आहे. वार्ताहराला बोलावलंय."

"त्या डॉक्टरचं मलाही कळलंय. तरीपण नाही. जागृती, नाही." त्यानं तिच्या हातातला फोन हिसकावला. ती उठली, फोनकडे झेपावली, त्यानं तिला कपाटावर ढकललं. पहार बसलेल्या खांद्यात कळ गेली आणि पुढच्या क्षणी त्याचं मनगट तिच्या दोन्ही हातांत होतं, अंगठा बरोबर त्या जागी. तो गुडघ्यांवर आला. तिच्या अंगठ्याखाली हाड ताणलेलं तिला जाणवलं. आणखी थोडं दाबलं असतं तर गेलंच असतं.

हर्षल तिच्याकडे वर पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाटातला तो पोरगा जसा घाबरला होता, तसा तो घाबरला होता.

तिनं हात सोडला. त्यानं फोन जमिनीवर ठेवला, बॅग भरली आणि पुण्याला निघून गेला. ती मुलाखतीला तशीच बसली, विस्कटलेल्या केसांनी. तिनं सगळं सांगितलं : खडी, झेंडा, चकती, घरघर, हिरवी अक्षरं. लोकांनी काय पाहिलं तर थांबू नये, हे सांगायचं तर ते कसं केलं जातं हेही सांगावं लागत होतं.

---

ती म्हणाली ते खरं ठरलं आणि हर्षल म्हणाला तेही.

लोकांनी टपावर कॅरिअर बसवून दोरखंडानं साधे टायर बांधले. जॅक आणि पाने काळ्या बाजारात गेले. अनेकांनी नव्या गाड्या उभ्या करून ठेवल्या. पळालेला पोरगा एका ट्रकवाल्यानं खडी ओळखली म्हणून सापडला. ट्रकवाल्यांनी पोलिसांची वाट पाहिली नाही. निकुंभ पोचले तेव्हा ताब्यात घ्यायला फक्त प्रेत होतं.

आणि महिन्याभरात राज्यात इतर ठिकाणी तसेच हल्ले सुरू झाले. कुणी खडीऐवजी गोणपाट वापरलं, कुणी शेण. काही ठिकाणी लोकांना स्टेपनी बदलता बदलताच मारलं गेलं. रस्त्यात कामगार दिसले की लोक थांबेनासे झाले. एके ठिकाणी खरंच रस्ता दुरुस्त करणारे तीन मजूर एका घाबरलेल्या माणसानं गाडीखाली चिरडले.

त्या रात्री हर्षलचा फोन आला. "तीन मजूर, जागृती."

"वाचलं मी."

"मला तुला दोष द्यायचा नाही."

"देतोयस."

"हो," तो म्हणाला. "आणि टायर माझा आहे, हेही मला माहीत आहे." 

जागृतीनं जुनी, स्टेपनीवाली डिझेल गाडी घेतली. तिच्यात आपण जास्त सुरक्षित आहोत असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण डिकीत पाना आहे, हे माहीत असल्याशिवाय तिला गाडीत बसता येत नव्हतं. हर्षलनं पुण्याहून फोन करून सांगितलं, की नव्या रबराच्या चाचण्या चांगल्या चालल्यात, चकतीवर तासभर ठेवला तरी टायर टिकतो. तो आनंदानं सांगत होता. तिनं त्याचं अभिनंदन केलं. तो घरी कधी येणार, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

एके दिवशी दुपारी क्लिनिक बंद करायच्या वेळी एक माणूस आत आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, डावा हात झोळीत बांधलेला. त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या.

"मी मिलिंद झोपे. जळगावहून आलो. पेशंट म्हणून नाही."

"बसा ना."

तो बसला नाही. "माझी बायको वर्षा. फर्दापूरच्या पुढं. आम्ही अजिंठ्याला चाललो होतो, तिची बहीण अमेरिकेहून आली होती म्हणून." त्याचा आवाज शाळेत धडा वाचावा तसा सपाट होता. "चार पोरं होती. पकडली पोलिसांनी. कॉलेजातली आहेत. त्यातला एक कबुलीजबाबात म्हणाला, तुमची मुलाखत बघून शिकलो."

जागृतीनं हातातली क्लिनिकची किल्ली टेबलावर ठेवली.

"तुम्ही सांगितलं नसतं तर त्यांना कळलं नसतं."

"तुम्ही पाहिली होती मुलाखत?" तिनं विचारलं आणि विचारल्याबरोबर तिला जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"दोघांनी पाहिली. म्हणून तर टपावर कॅरिअर बसवायचं ठरवलं होतं. रविवारी गॅरेजला जाणार होतो." त्यानं झोळी सावरली. "अजिंठ्याला शनिवारी निघालो."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"एक विचारायला आलोय," झोपे म्हणाला. "पेपरात आलं होतं, की तुम्ही त्या माणसाचा हात त्या चकतीवर धरून ठेवलात. त्यानं कोयता टाकल्यावरही. खरं आहे?"

हे तिला खूप जणांनी विचारलं होतं. वकिलांनी तिला उत्तर पढवून ठेवलं होतं : कोयता पडल्याचं दिसलं नाही. कोर्टात तिनं तेच सांगितलं होतं आणि तिची सुटका झाली होती.

"खरं आहे," ती म्हणाली.

"मला सांगा. सगळं."

"झोपेसाहेब, ते ऐकून..."

"माझ्या हातात त्या वेळी काहीच नव्हतं हो. मी नुसता पडून होतो. तिच्याकडे बघत. मला सांगा."

तिनं दार लावून घेतलं आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून सांगितलं. कडं कसं जांभळं झालं, तो कसा थांबून काहीतरी ऐकल्यासारखा झाला, मग ओरडला. कोयता पडला तो मी पाहिला. तेव्हा हात सोडता आला असता. तो मला ताई म्हणत होता. मी सोडला नाही. मला सोडायचा नव्हता. वास आला तेव्हा मला बरं वाटलं. जाताना तो मलाही न्या म्हणाला, गाडीत जागा होती, मी नेलं नाही.

झोपे डोळे मिटून ऐकत होता. ती थांबली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल," तो म्हणाला.

"वाटलं?"

"नाही."

तो उठायला गेला आणि खांद्यातल्या कळेनं पुन्हा बसला. झोळी वाकडीतिकडी, घरच्या टॉवेलची होती. गाठ मानेवर रुतली होती.

"हा खांदा कुणाला दाखवलात?"

"दाखवायला वेळ कुठं होता."

"शर्टाची वरची बटणं काढा," जागृती म्हणाली. तिनं हात धुतले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. तिची बोटं खांद्याच्या हाडावर टेकली तसा तो दचकला. मघाशीच तिनं सांगितलं होतं, या हातांनी काय केलं ते. ती थांबली.

"दुखेल," ती म्हणाली. "नको असेल तर सांगा."

झोपेनं मान खाली घातली आणि खांदा तिच्या हातांकडे सैल सोडला.